कुंभारजुव्याच्या कालव्यातील मगरी : पाहुण्यांना न्यायचे आहे, वेळ, जागा आणि आमिष यांबद्दल विचारायचे आहे

डिचोलीवासी :

सर्वांना नमस्कार. जानेवारीत माझी थोरली बहीण नागपूरहून सहकुटुंब आमच्याकडे येणार आहे. समुद्रकिनारे तिच्या मुलांनी मागच्या खेपेस मनसोक्त पाहिले आहेत. या वेळी दोघांनाही मोकळ्या पाण्यातली मगर पाहायची आहे, प्राणिसंग्रहालयातली नव्हे. थोरली नववीत आहे आणि धाकटा दहा वर्षांचा आहे. आमची आईही बरोबर असेल, मात्र गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिला होडीत चढणे-उतरणे जमणार नाही.

माझा जन्म गोव्यातला असूनही हा कालवा मी बाणस्तारीच्या पुलावरून जाताना बसच्या खिडकीतून पाहिला आहे तेवढाच, म्हणून येथे विचारते आहे. चौकशी करताना एका होडीवाल्याने फोनवर सांगितले की मगर दिसलीच म्हणून समजा, कारण ते पाण्यात कोंबडीचे मांस टाकतात. ते ऐकून मन खट्टू झाले. असे करणे योग्य आहे का, आणि आमिष न टाकता मगर दिसण्याची कितपत शक्यता असते? दिवसाची कोणती वेळ आणि महिन्यातले कोणते दिवस चांगले? लहान होडीत मुलांना काही धोका आहे का? आणि आईला काठावरूनच काही पाहता येईल अशी एखादी जागा आहे का?

माशेलचा एक :

नमस्कार ताई. आमचे घर कालव्यापासून जवळ असल्यामुळे मगरी आम्हाला नवीन नाहीत, तरी चिखलावर पडलेली मोठी मगर दिसली की आजही पाय थांबतातच. आपण विचारलेला महिना उत्तम आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत रात्री गारवा असतो आणि मगर ही स्वतःच्या अंगात उष्णता निर्माण न करणारी असल्यामुळे तिला सकाळी उन्हाची गरज भासते. म्हणून ती पाण्याबाहेर येऊन पडते, आणि त्यामुळेच आपल्याला दिसते. मे महिन्यात पाणी आणि हवा दोन्ही तापलेली असल्यामुळे तीच मगर दिवसभर पाण्यात नाकपुड्या आणि डोळे तेवढे वर ठेवून राहते. पावसाळ्यात तर जाऊच नये. पाणी गढूळ आणि चढलेले असते, चिखल उघडा पडत नाही, आणि मांडवीचे मुख वाळूच्या दांड्यामुळे बंद होत असल्याने खनिजाच्या बार्जी (मालवाहू बोटी) त्या काळात याच कालव्याने जुवारीत उतरून मुरगावला जात आलेल्या आहेत. त्यांच्या लाटांनी काठ ढासळतात, ही या कालव्याची जुनी दुखरी बाजू आहे.

वेळेपेक्षाही महत्त्वाची आहे ती ओहोटी. हा कालवा मांडवी आणि जुवारी यांना जोडतो आणि तिसवाडी बेटाला मुख्य भूमीपासून वेगळे करतो. दोन्ही टोकांनी समुद्राचे पाणी आत येते आणि बाहेर जाते. भरती पूर्ण असेल तेव्हा पाणी थेट कांदळाच्या मुळांपर्यंत पोचलेले असते आणि मगरीला पडायला जागाच नसते. ओहोटी लागली की दोन्ही काठांना चिखलाचे उतार उघडे पडतात आणि ऊन त्यांच्यावर थेट येते. म्हणून आपल्याला असा दिवस निवडायचा आहे की ज्या दिवशी ओहोटीचा तळ सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान येईल.

हे ठरवायला कोकणातल्या कोळ्या-खारव्यांचा हिशेब आजही उपयोगी पडतो. तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट केली की भरतीचा तास साधारण मिळतो, आणि त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ येतो. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास, म्हणजे ओहोटी दहाच्या आसपास. चतुर्थी ते सप्तमी हे दिवस, मग पक्ष शुद्ध असो की वद्य, आपल्या कामाचे आहेत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठे असते आणि पाणी उतरतेही खूप, परंतु त्या दिवशी भरतीच मध्याह्नाच्या सुमारास येत असल्यामुळे सकाळचे ऊन फुकट जाते. हा ढोबळ हिशेब झाला. आपल्याकडे दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात, तेव्हा मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहून घ्यावा आणि कालव्याच्या आतल्या भागात पाणी त्याहून थोडे उशिरा वळते हे लक्षात ठेवून होडीवाल्याशी वेळ ठरवावी. जो होडीवाला आपल्याला "कधीही या" असे सांगेल त्याच्यापेक्षा जो आधी तारीख विचारून मग वेळ सांगेल, त्याच्याबरोबर जावे.

आमिषाशिवाय मगर दिसते का, याचे माझे उत्तर असे की थंडीत, योग्य ओहोटीला आणि शांतपणे गेल्यास बहुधा दिसते. हमी मात्र कोणी देऊ नये आणि आपणही मागू नये. मुलांना निघण्याआधीच हे सांगून ठेवलेत तर बरे. मगर दिसली नाही तरी ब्राह्मणी घारी, बगळे, कांदळाच्या फांदीवर बसलेले खंड्ये आणि चिखलावर उड्या मारणारे मासे एवढे तरी नक्की दिसते, आणि दहा वर्षांच्या मुलाला ते मासे मगरीइतकेच आवडतील.

फोंड्याचे जीवशास्त्र शिक्षक :

माशेलच्या मित्रांनी वेळेचे गणित नेमके मांडले आहे. मी आमिषाच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तोच येथे सर्वांत गंभीर आहे.

आपल्या कालव्यातली मगर ही भारतात सर्वत्र गोड्या पाण्याच्या नद्या-तळ्यांत आढळणाऱ्या जातीची आहे. खाऱ्या पाण्यातली, आकाराने कितीतरी मोठी आणि माणसाला अधिक धोकादायक असणारी मगर आता भारतात ओडिशातील भितरकनिका, सुंदरबन आणि अंदमान-निकोबार येथेच उरली आहे. पश्चिम किनाऱ्यावर ती नाही. गोड्या पाण्याची मगर कांदळवनात, भरती-ओहोटीच्या मचूळ पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे, हेच कुंभारजुव्याचे वैशिष्ट्य आहे. तिच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, त्यामुळे असे पाणी तिला सोसते. तरीही पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते तो काळ आणि काठालगतच्या गोड्या पाण्याच्या जागा तिला हव्याच असतात, असे मला वाटते.

मगरीला अन्न आपल्या समजुतीपेक्षा फार कमी लागते. आपण खातो त्यातला मोठा भाग शरीर गरम ठेवण्यात खर्च होतो, तो खर्चच तिला नाही. मासे, खेकडे, अधूनमधून एखादा पक्षी एवढ्यावर तिचे उत्तम भागते. तेव्हा होडीतून टाकलेले मांस ही तिची गरज भागवणारी गोष्ट नव्हे. ती फक्त तिला एक नवी सवय लावते. मगर मंद दिसते, पण शिकते फार लवकर. इंजिनाचा आवाज आला आणि मागोमाग अन्न पडले, असे काही वेळा घडले की पुढच्या वेळी ती आवाज ऐकूनच होडीकडे येते. ज्या होडीकडे ती येईल ती दर वेळी उंच कठड्याची आणि पर्यटकांनी भरलेली असेलच असे नाही. याच पाण्यात एकटा माणूस पाण्याला टेकलेल्या छोट्या होडीत बसून जाळे लावत असतो आणि ओहोटीला गावातल्या बायका गुडघाभर पाण्यात उतरून तिसऱ्या (खायचे शिंपले) वेचतात. सकाळी तासाभरासाठी आलेल्या आपल्या मुलांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून त्यांच्या पायांशी धोका आणून ठेवायचा हक्क आपल्याला कोणी दिला आहे?

कायद्याची बाजूही सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत मगरीचा समावेश आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच तिला. कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे देशभर मगरी संपत चालल्या होत्या, तेव्हा १९७५ मध्ये केंद्र शासनाने मगर संवर्धनाचा प्रकल्प हाती घेतला आणि त्यानंतर अनेक नद्यांत त्या पुन्हा वाढल्या. तिला हुसकावणे, दगड मारून हलवणे, जवळून छायाचित्र मिळावे म्हणून होडी तिच्या अंगावर नेणे, यातले काहीही खपवून घेऊ नये. त्या होडीवाल्याला सरळ सांगावे की मांस टाकणार नसाल तरच आम्ही येऊ. गिऱ्हाईकच नाही म्हणू लागले तर ही पद्धत बंद होईल.

मुलांसाठी एक गोष्ट. काठावर पडलेली मगर पुष्कळदा जबडा उघडा ठेवून असते. ती चिडलेली नसते किंवा आपल्याला भीतीही दाखवत नसते. अंग उन्हात तापवताना डोक्याची उष्णता तोंडातून कमी करण्याचा तो तिचा मार्ग असल्याचे मानले जाते. मात्र आपली होडी जवळ येताच तिने जबडा मिटला, पुढचे पाय ताठ केले किंवा शेपूट पाण्याकडे वळवले, तर आपण हवे त्यापेक्षा जवळ आलो आहोत. तेवढ्यावर थांबून मागे सरावे.

चोडणवासी :

आपल्या आईंसाठी सुचवतो. आमच्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ते १९८८ मध्ये अधिसूचित झाले. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे असले तरी संपूर्ण कांदळवन आहे. तेथेही मांडवीच्या फाट्यांत मगरी आहेत आणि काठावर येतात. मात्र पायवाटेवरून मगर दिसणे नशिबाचा भाग आहे. पक्षी नक्की दिसतील. रायबंदरहून येणाऱ्या फेरीबोटीत मोटारीसकट येता येते, त्यामुळे आईंना गाडीतून उतरावेही लागणार नाही. त्याखेरीज खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनींच्या, बांधांलगत काही ठिकाणी गाडी जाते. तेथे सावलीत थांबून चांगल्या दुर्बिणीने समोरचा चिखलाचा काठ सावकाश न्याहाळता येतो. बाणस्तारीच्या पुलावर मात्र गाडी थांबवू नये. तो महामार्ग आहे आणि वाहने वेगात असतात.

दुर्भाटची :

वरील सर्व माहिती उपयोगी आहे, पण मगर पाहायला येणाऱ्यांनी ती ज्यांच्या शेजारी राहते त्यांच्याकडेही थोडे पाहावे असे मला मनापासून वाटते, म्हणून लिहिते.

आमच्याकडची शेते खाजनातली. भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा ही जमीन खाली आहे. चिखल, गवत आणि दगड यांचे बांध घालून पूर्वजांनी ती खाडीकडून मिळवली आणि बांधात मानशी बसवल्या. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. पावसाळ्यात याच जमिनीत खारे पाणी सोसणारा कोरगुट भात पिकतो आणि नंतर तेथेच मासळी मिळते. बांध फुटला तर एका रात्रीत खारे पाणी सगळ्या शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे तेथे धड पीक येत नाही. अशा बांधावर ज्यांचे पोट आहे त्यांचे सगळे आयुष्य खाडीच्या काठावर जाते, आणि त्याच काठावर मगर आहे.

तिला आमच्याकडे मानगे म्हणतात. पौष अमावास्येला दुर्भाट, आडपई, तळावली, बोरी या बाजूच्या काही गावांत, विशेषतः गावडा समाजात, मानगे थापणी होते. बांधाजवळ किंवा शेतात ओल्या चिखलाची मगर थापतात, तिच्या पाठीवर शिंपले रोवतात, काड्यांचे दात करतात, हळदकुंकू-फुले वाहून तिची पूजा करतात आणि अंडे किंवा कोंबडीचे पिल्लू अर्पण करतात. तपशील गावागावांत आणि घराण्यागणिक वेगळे असतात. बांध राखावा, शेतात राबणाऱ्या माणसाला आणि गुरांना इजा करू नये, एवढेच तिच्याकडे मागणे असते. हा विधी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हातरी येतो, म्हणजे ज्या दिवसांत खऱ्या मगरी उन्हाला काठावर पडलेल्या असतात त्याच दिवसांत. फेब्रुवारीपासून पुढे त्या काठाच्या कोरड्या मातीत खड्डा करून अंडी घालतात. हे सगळे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जवळून पाहिले, त्यांनी हा दिवस उगाच निवडला असेल असे मला वाटत नाही.

आपली सहल त्या दिवसांत पडली आणि मुलांना थापणी दाखवावी असे वाटले, तर आधी गावात कोणाला तरी विचारून घ्यावे. हा घरांचा आणि शेतांचा विधी आहे, पर्यटनाचा कार्यक्रम नव्हे. विचारले तर आमची माणसे बहुधा नाही म्हणणार नाहीत, परंतु कॅमेरा घेऊन सरळ बांधावर उतरणे आम्हाला आवडत नाही.

होडीवाले आणखी एक गोष्ट पाहुण्यांना सांगतात, की राजधानीच्या बेटावर शत्रू पोहून येऊ नये म्हणून आदिलशहाने किंवा पोर्तुगिजांनी या पाण्यात मगरी आणून सोडल्या. गोष्ट म्हणून मुलांना ती जरूर ऐकवावी. पण ही जात भारतातल्या नद्यांत मूळचीच आहे, तेव्हा आमच्या खाडीत राहायला तिला कोणी आणून सोडण्याची गरज नव्हती.

डिचोलीवासी :

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मी खरोखर आभारी आहे. त्या होडीवाल्याला मी नकार कळवला आहे. पंचांग पाहिले आणि पाहुण्यांच्या मुक्कामातच पंचमी-षष्ठी येत असल्याचे दिसले, तेव्हा त्या दोन दिवसांपैकी एक ठरवू. आई आणि मी चोडणला जाऊ.

दोन शंका उरल्या आहेत. होडीत बसल्यावर मुलांनी नेमकी काय काळजी घ्यावी? आणि माझे मेहुणे विचारत आहेत की कालव्यात मगर दिसली नाही तर दुसऱ्या दिवशी कर्नाटकातल्या दांडेलीला जाऊन काळी नदीवर पाहावी का? तेथे त्या हमखास दिसतात असे त्यांनी ऐकले आहे.

फोंड्याचे जीवशास्त्र शिक्षक :

दांडेलीबद्दल मी लिहितो. काळी नदीत मगरी आहेत आणि गावाजवळही दिसतात हे खरे आहे. परंतु तेथे माणसांवर जीवघेणे हल्ले झालेले आहेत. सांगलीकडे कृष्णेतही झाले आहेत. जात तीच, मग स्वभाव वेगळा का, असा प्रश्न मुले विचारतील. मला दिसते ते कारण असे की जेथे घाटावर धुणे, आंघोळ, गुरे पाण्यात घालणे आणि मांसाचा किंवा खरकट्याचा कचरा टाकणे हे सगळे एकाच जागी होते, तेथे मगर आणि माणूस वारंवार समोरासमोर येतात. आपल्या कालव्यात आजवर माणसे आणि मगरी बऱ्यापैकी निभावून नेत आली आहेत, म्हणून येथली मगर निरुपद्रवी आहे असे मुळीच समजू नये. दांडेलीला गेलात तर पुलावरून किंवा उंच, बांधलेल्या जागेवरून पाहावे, नदीच्या पात्रात मुलांना उतरू देऊ नये आणि मुख्य म्हणजे काठावरच्या मऊ मातीवर पाण्याला पाठ करून उभे राहू नये. मगर पाण्यातून पुढे झेपावते ती पहिल्या काही हातांच्या अंतरातच, आणि ती हल्ल्याआधी दिसत नाही.

आमच्या शाळेतल्या मुलांना नेताना पालकांना मी एवढे आवर्जून सांगतो की मगर दिसली की सगळे एकदम तिच्या बाजूला सरकतात आणि लहान होडी कलते. मगरीपेक्षा हा धोका कितीतरी खरा आहे.

माशेलचा एक :

होडीबद्दल मास्तरांनी बरोबर सांगितले. प्रत्येकाने आपल्या जागी बसून राहावे, हात-पाय आणि मोबाइल कठड्याच्या आत ठेवावे, आणि मगर दिसताच होडीवाल्याला इंजिन मंद करायला सांगून अंतर राखून पाहावे. साधी आठपटीची दुर्बीण असेल तर वीस-पंचवीस मीटरवरूनही पाठीवरचे खवले स्पष्ट दिसतात. मुलांना गडद किंवा मातकट रंगाचे कपडे घालावेत, डोक्याला टोपी असावी आणि पाणी बरोबर घ्यावे, कारण दहानंतर कालव्यात सावली अजिबात नसते. चिखलावर लाकडाचा ओंडका दिसला तर तो ओंडका आहे असे लगेच ठरवू नका, काही वेळ पाहत राहा. थोरल्या मुलीला घोरपड आणि लहान मगर यांतला फरक आधी चित्रात दाखवून ठेवा. घोरपडीची मान लांब असते आणि ती डोके वर करून चालते. मगरीचे पिल्लू अंगाने चपटे असते आणि त्याच्या पाठीवर खवल्यांच्या उठावदार रांगा असतात.

होडी ठरवताना फोनवरच दोन गोष्टी विचारून घ्या. सर्वांना पुरतील एवढी जीवरक्षक जाकिटे आहेत का, आणि त्यांत दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचे आहे का. मोठ्या माणसाचे जाकीट लहान मुलाला घातले तर पाण्यात ते डोक्यावरून निसटते. त्याच्या मापाचे नसेल तर दुसरी होडी पाहा, किंवा डिचोलीतून आपणच विकत घेऊन या.